जांभळ्या कागदातलं पुस्तक

आवडत्या पुस्तकाबद्दल बोला म्हटलं की माणसं पुस्तक सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलतात, हे मी बारामतीतल्या आमच्या वाचक मंडळात शिकले. ‘वाचनाने माणूस समृद्ध होतो’ इथून सुरुवात. मग मोबाइलने तरुण पिढीची कशी वाट लावली ते येतं, मग वक्त्याचं स्वतःचं खडतर बालपण, आणि शेवटी ‘हे पुस्तक प्रत्येकाने संग्रही ठेवावं असं आहे’ म्हणून टाळ्या. संग्रही ठेवावं. वाचावं असं कुणी म्हणत नाही. पुस्तकात आहे काय, हा माणूस कुठल्या पानावर अडकला, का अडकला, यातलं एक अक्षर नाही. मी सणसरच्या शाळेत गणित शिकवते. नुसतं उत्तर लिहिलं आणि रीत दाखवली नाही तर मी पोरांचे गुण कापते. इथे तर उत्तरही नसायचं.

तरी मी जायचे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्वयंपाक उरकून, एसटीत उभी राहून. नवरा म्हणायचा, “येताना एवढी चिडून येतीस, मग जातीस कशाला?” त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. मंडळाचा मूळ नियम चांगला होता. दर बैठकीला तीन वाचकांनी आपलं आवडतं पुस्तक आणायचं आणि ते का आवडतं ते सांगायचं. मला माझी पाळी हवी होती, आणि ती माझे वडील समोर बसलेले असताना हवी होती. हे दुसरं मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

माझे वडील म्हणजे तात्या. सांगवीला शेती, आणि बरीच वर्षं गावच्या दूध सोसायटीचं अध्यक्षपद. स्टेजवर उभे राहिले की जेवणाची वेळ टळली तरी माणसं जागची हलत नाहीत. कुणाच्या लग्नात, कुणाच्या वास्तुशांतीत, शाळेच्या गॅदरिंगला, तात्यांना दोन शब्द बोलायला लावल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. घरात मात्र ते आमच्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. आई होती तोवर ती त्यांची दुभाषी होती. “तुझे तात्या म्हणत हुते, पोरगी वाळली,” असं आई सांगायची. तात्या खरंच तसं म्हणत की आई रचून सांगायची, कोण जाणे. आई गेली आणि ती लाइनच तुटली. आता तात्यांचा फोन येतो तो असा:

“काय चाललंय?”

“बरं हाय.”

“ऊस तुटला का?”

“न्हाय अजून.”

“ठेवतो.”

एक गोष्ट मात्र तात्यांनी कधी चुकवली नाही. मी सांगवीहून बारामतीला शाळेत जायला लागले तेव्हा ते मला एसटीपर्यंत सोडायला यायचे आणि दारात उभ्या कंडक्टरला सांगायचे, “लेक हाय आमची. शाळेपाशी उतरवा.” मी शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन सणसरला आले, माझा पोरगा इंजिनीअर झाला, माझ्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. तरी माहेराहून निघाले की तात्या गाडीवर बसवून मला बारामतीच्या स्टँडवर आणतात, वाटेत माझ्याशी चकार शब्द बोलत नाहीत, आणि इंदापूरच्या गाडीच्या कंडक्टरला सांगतात, “लेक हाय आमची. सणसरला उतरवा.” हल्लीचे कंडक्टर माझ्या पोराएवढे असतात. ते माझ्याकडे बघून गालात हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला कुठं उतरायचं ते मला कळत नाही का, असं तात्यांना एकदा खडसावून विचारायचं मी कितीतरी वर्षं मनात धरून होते.

मग ते पुस्तक माझ्या हाती लागलं. त्याचं नाव मी इथे सांगत नाही. नाव सांगितलं की लोक ‘हो हो, ऐकलंय’ म्हणतात आणि तिथेच विषय संपतो. लहानशी कादंबरी आहे. एक मुलगी शहरात नोकरीला जाते. तिचा बाप दर वेळी तिला गाडीत बसवायला येतो आणि ड्रायव्हरशी बोलतो, कंडक्टरशी बोलतो, शेंगदाणेवाल्याशी बोलतो, पोरीवर लक्ष ठेवा म्हणून सगळ्यांना सांगतो. पोरीशी बोलत नाही. शेवटाकडे बाप मेलेला असतो. ती दहावं-तेरावं उरकून परत निघते, गाडीत बसते, कंडक्टर येतो, तिकीट देतो आणि पुढे जातो. तिच्याबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. एवढंच लिहिलंय. त्या पानावर माझी गाडी भवानीनगरच्या आसपास होती, आणि मी भर एसटीत पदर तोंडाला लावून रडले. शेजारच्या बाईने मला खिडकीची जागा दिली. तिला वाटलं, मला गाडी लागली.

मला हे तात्यांना सांगायचं होतं. घरात सांगणं अशक्य. आमच्या घरात असलं काही बोलायला लागलं की कुणीतरी उठून गोठ्यात जातं. पण पुस्तकाबद्दल बोलता येतं. स्टेजवर उभं राहून, हातात पुस्तक धरून, हे पुस्तक मला का आवडतं ते सांगायचं. तात्या पहिल्या रांगेत. त्यांना समजेल. ते सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेलेले. मला घाई होती.

माझी पहिली पाळी वाया गेली ती सत्कारांनी. मंडळात मान्यवर फार. मान्यवर म्हटलं की दीपप्रज्वलन आलं, पंखा चालू असल्यामुळे न पेटणाऱ्या वाती आल्या, पंखा बंद केल्यावर घामाघूम झालेले मान्यवर आले. मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, ज्यात पाहुण्यांनी भूषवलेली पदं त्यांनी स्वतःच लिहून आणलेली असतात. मग पाहुण्यांचं मनोगत. त्या दिवशी तीन वाचकांपैकी एकीचंच बोलणं झालं. ती दातांची डॉक्टर होती आणि छान बोलली. तिच्या आवडत्या रहस्यकथेच्या प्रतीला शेवटची पानं नाहीत. खुनी कोण ते तिला अजून माहीत नाही, आणि दुसरी प्रत मिळत असूनही ती घेत नाही. दर वर्षी ती ते पुस्तक वाचते आणि दर वर्षी खुनी वेगळा ठरवते. एकदा तर म्हणे तिने लेखकाच्या प्रस्तावनेवरच संशय घेतला होता. मी जागच्या जागी सरसावून बसले. याच्यासाठी तर यायचं असतं. तेवढ्यात अध्यक्षांनी माइक घेतला आणि विचारलं, “मग मॅडम, यातून आपण समाजाने काय बोध घ्यावा?” बिचारी पुस्तक मिटून खाली येऊन बसली. बाकीचे दोन वाचक वेळेअभावी पुढच्या महिन्यात, असं जाहीर झालं. वेळेअभावी हा शब्द आमच्याकडे ज्याला शिव्या देता येत नाहीत अशा माणसाला घालवायला वापरतात.

पुढच्या महिन्यातही वेळेचा अभावच होता. मग मी डोकं चालवलं. अध्यक्षांना सुचवलं, सांगवीच्या तात्यांना पाहुणे म्हणून बोलवा. अध्यक्षांना आनंद झाला. तात्या म्हणजे गर्दीची खात्री. मंडळाने तेव्हा नुकताच ठराव केला होता: हार-तुरे नकोत, नारळ-शाल नको, सत्काराला पुस्तक द्यायचं. ठराव मीच मांडला होता आणि त्यामुळे पुस्तकं आणून ती कागदात बांधायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. तात्यांच्या सत्कारासाठी मी माझ्या आवडत्या पुस्तकाची नवी प्रत आणली. आधी मी स्टेजवरून सांगेन, मग ते घरी जाऊन वाचतील. चकचकीत जांभळा कागद घरात होता तो एका कोपऱ्यात अपुरा पडला, म्हणून तिथे आलेख कागदाचा तुकडा चिकटवला. गणिताच्या बाईच्या घरात दुसरं काय सापडणार.

तात्या बोलायला उभे राहिले. “मी काय फार वाचल्याला माणूस न्हाय,” असं म्हणून त्यांनी जी सुरुवात केली ती उपसा सिंचन, गाईच्या दुधाचं फॅट, पूर्वीच्या मास्तरांचा मार, करत करत चहाच्या वेळेपर्यंत आणली. लोक पोट धरून हसत होते. मीही हसले, आणि हसताना घड्याळाकडे बघत होते. ते खाली बसले तसं अध्यक्षांनी त्यांना पुस्तक दिलं, फोटो झाला, आणि माझ्या कानाशी येऊन अध्यक्ष म्हणाले, “ताई, दोन मिनिटांत आटपा.” मी माइकपाशी गेले. पुस्तक उघडलं. समोर बघितलं तर तात्यांची खुर्ची रिकामी. दारात चपला घालताना मला त्यांची पाठ दिसली. कुणाच्या तरी जावळाच्या कार्यक्रमाला त्यांना न्यायला गाडी आली होती. मी काय बोलले ते मला सांगता येणार नाही. वाचनाने माणूस समृद्ध होतो असं मीही म्हणाले बहुतेक.

पण पुस्तक तर त्यांच्याकडे गेलं होतं. मी वाट बघितली. आठवडा जाऊ दिला, मग फोनवर उसाचं विचारून झाल्यावर घाईने म्हटलं, “तात्या, पुस्तक बघितलं का?”

“बघितलं की.”

“कसं वाटलं?”

“चांगलं हाय.”

“काय आवडलं त्यातलं?”

“समदंच. ठेवतो.”

मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी नववीच्या वर्गाला गृहपाठ दिला नाही. समदंच आवडलं म्हणाले. म्हणजे तो बाप, ते स्टँड, तो कंडक्टर. बोलायचं नसेल त्यांना, पण समजलं तर असेल. मी दोन-तीन महिने त्या एका शब्दावर काढले.

मग कळंबला एका विद्यार्थिनीच्या घरी पेढे खायला गेले. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली होती, आणि तिच्या वडिलांनी अंगणात मांडव घालून सगळ्या शिक्षकांचा सत्कार ठेवला होता. आमचा ठराव तोपर्यंत बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांत पसरला होता. आता जिकडे तिकडे नारळाऐवजी पुस्तकं. माझं नाव पुकारलं, मी पुढे गेले, आणि माझ्या हातात जांभळ्या कागदाचं पुडकं आलं. कोपऱ्यात आलेख कागदाचा तुकडा. चिकटपट्टी मी लावली होती तशीच्या तशी. कुणी नखसुद्धा लावलं नव्हतं.

फोटोवाला म्हणाला, “मॅडम, हसा जरा.”

त्या वडिलांना मी आडून आडून विचारलं. त्यांना ते बारामतीत एका भूमिपूजनाला मिळालं होतं. तिथे ज्याने दिलं त्याला ते सांगवीत मिळालं होतं. म्हणजे तात्यांनीच कुणाला तरी दिलं होतं. माझं पुस्तक बारामती, सांगवी, परत बारामती, कळंब असं हिंडून आलं होतं, सगळीकडे टाळ्या घेत, आणि एकाही माणसाने ते उघडलं नव्हतं. नारळ बरा होता. नारळ निदान कुणीतरी कधीतरी फोडतं आणि त्याची चटणी होते. मला त्या माणसाचा राग आला नाही, अध्यक्षांचाही आला नाही. तात्यांचा आला. ‘समदंच’ म्हणाले होते.

पुढच्या रविवारी मी मंडळाला दांडी मारली आणि ते पुडकं पिशवीत घालून सांगवीला गेले. तात्या पडवीत खुर्ची टाकून बसले होते. मी चपलाही न काढता पुडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“हे काय हाय?”

“तुमाला समदंच आवडलेलं पुस्तक.”

त्यांनी उलटसुलट करून बघितलं. जरा ओशाळले असावेत, पण तात्या स्टेजवर मुरलेले. “अगं, दिलं असंल कुणाला. कपाटात बग, किती पडल्यात.” मी जाऊन कपाट उघडलं. आईच्या साड्यांच्या खणात, साड्या एका बाजूला सारून, रंगीबेरंगी कागदातल्या पुस्तकांची चळत लावली होती. एकही फोडलेलं नाही.

“फोडत का न्हाय तात्या?”

“फोडल्यावर मग दुसऱ्याला कसं द्यायचं?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांच्या मांडीवरचं पुडकं उचललं आणि त्यांच्यासमोर टराटरा फाडलं. जांभळा कागद पडवीभर झाला. “अगं अगं,” ते म्हणाले. मी खुर्ची ओढली, बाप गाडीत बसवायला येतो ते पान काढलं आणि वाचायला लागले. वर्गात वाचते तसं, मोठ्याने, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. तात्या ऐकत होते. उठून गोठ्यात गेले नाहीत. बापाने ड्रायव्हरला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं, शेंगदाणेवाल्याला सांगितलं. प्रकरण संपलं तशी मी पुस्तक मिटलं आणि त्यांच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांनी, शेवटी.

तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. “ह्यो गडी पोरीशी का बोलंना?” ते म्हणाले. “जगाशी बोलतोय. कंडक्टरला सांगतोय. पोरगी तितं उभी हाय, तिला दोन शब्द बोलाय काय जातंय ह्याचं?”

एवढ्या बैठका, एवढं ‘वेळेअभावी’, एवढा जांभळा कागद. शेवटी मी म्हटलं, आणि माझा आवाज चढलाच, “तात्या, तुमी बी त्येच करता.”

“मी?”

“तुमीच. शाळेत हुते तवापासनं.”

ते खाली वाकून कागदाचे तुकडे गोळा करायला लागले, एकावर एक ठेवून नीट घडी घालायला लागले. मग म्हणाले, “चहा टाक.” मी चहा टाकला. चहा पिताना ते कुठल्याशा वळूबद्दल बोलले. मी हो-नाही केलं. निघताना मी पुस्तक पिशवीत टाकायला घेतलं तर ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे हितंच. फोडलंय आता. कुणाला देता यायचं न्हाय.”

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी लागलेलीच होती. मी चढून खिडकीशी बसले. तात्या नेहमीप्रमाणे दाराकडे गेले. कंडक्टर दारात उभा होता, त्याने मान वर केली, तात्यांनी तोंड उघडलं. आणि मिटलं. कंडक्टर म्हणाला, “काय आबा, यायचं हाय का?” तात्यांनी मान हलवली आणि गाडीला वळसा घालून ते माझ्या खिडकीखाली आले. खिडकी उंच होती. त्यांना मान बरीच वर करावी लागली.

“तुझी आई म्हणायची,” ते म्हणाले, “हिला न सांगता समदं कळतं. म्हणून म्या बोलत न्हवतो.”

मी कितीतरी महिने भाषण तयार करत होते. कुठे थांबायचं, कुठल्या वाक्याला त्यांच्याकडे बघायचं, सगळं ठरवलेलं. त्यातलं एकही वाक्य वेळेला हजर नव्हतं. मी गज धरून म्हटलं, “व्हय, तात्या.” घंटी वाजली, गाडी हलली. ते तसेच मान वर करून उभे होते, आणि पाठीमागची गाडी हॉर्न वाजवत होती तरी बाजूला होत नव्हते.

कंडक्टर आला. मी पैसे पुढे केले, सणसर म्हटलं. त्याने तिकीट दिलं आणि तो पुढे गेला.

मी बाहेर बघत बसले. ऊस, फाटे, परत ऊस. गाडी पुढच्या जंक्शन गावाला थांबली तेव्हा मी भानावर आले. सणसर मागेच गेलं होतं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा माझा थांबा चुकले. मी उठून कंडक्टरवर ओरडले, सणसर आलं तर सांगता येत नाही का तुम्हाला. तो पोरगा गोंधळून म्हणाला, “मावशी, मला कुणी सांगितलं न्हाय.”